विभागीय आयुक्तालय हे पाच जिल्ह्यांचे वेगळे सरकार आहे का?

प्रश्न : डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा आम्ही शेतकऱ्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन दिले होते. ‘आपल्या भावना शासनाकडे पोहोचवतो’ असे उत्तर मिळाले. सध्या माझा वारस नोंदीचा वाद चालू असून प्रांताधिकाऱ्यांनी अपिलात माझ्या विरोधात निर्णय दिला आहे. आदेशाला महिना होत आला. गावातील जाणती मंडळी सांगतात, की मध्ये वेळ न घालवता थेट नाशिकरोडला विभागीय आयुक्तांकडे जा, कारण पाच जिल्ह्यांचे सरकार तेच आहे. आयुक्तालय हे खरोखर वेगळे सरकार आहे का? आणि जिल्हाधिकारी नेमके कोणाचे, केंद्राचे की राज्याचे?
– एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : विभागीय आयुक्तालय हे वेगळे सरकार नाही. आपल्या राज्यघटनेत सरकारे दोनच, संघाचे आणि राज्याचे. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिका यांनाही घटनेत स्थान मिळाले. ‘विभाग’ या पातळीला असे घटनात्मक स्थान नाही. नाशिक विभागात नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर हे पाच जिल्हे येतात, पण या पाच जिल्ह्यांचे म्हणून कोणतेही विधिमंडळ नाही, मंत्री नाही आणि स्वतःचा करही नाही. राज्य शासनाने कामाच्या सोयीसाठी केलेल्या सहा विभागांपैकी तो एक आहे आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये त्याचा प्रमुख म्हणून आयुक्त नेमला जातो. हे पद सर्वस्वी राज्याच्या कायद्यावर उभे आहे, याचा पुरावा इतिहासातच सापडतो : तेव्हाच्या मुंबई राज्याने १९५० साली कायदा करून आयुक्तांची पदे रद्द केली होती आणि पुढे १९५७ च्या कायद्याने ती पुन्हा निर्माण केली. जे पद राज्य एका कायद्याने काढू शकते आणि दुसऱ्याने आणू शकते, त्याला सरकार म्हणता येत नाही.

याचा अर्थ ते पद बिनमहत्त्वाचे आहे असा मात्र घेऊ नये. मंत्रालय मुंबईत आणि सुरगाण्याचा किंवा अक्कलकुव्याचा पाडा दूर डोंगरात, अशा राज्यात छत्तीस जिल्हाधिकाऱ्यांच्या कामावर थेट मुंबईहून देखरेख ठेवणे अवघड आहे. टंचाई, पूर, पिकांची नुकसानी, जिल्हा परिषदांच्या कारभाराची तपासणी, महसुली अपिले अशी कितीतरी कामे विभागाच्या पातळीवर पाहिली जातात. सिंहस्थासारख्या प्रसंगी पोलीस, महापालिका, जलसंपदा, आरोग्य अशा अनेक खात्यांना एका टेबलाभोवती बसवावे लागते आणि तेथे आयुक्तांच्या शब्दाला वजन असते. देशातील तीर्थयात्रा ही बाब घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, म्हणजे राज्याच्या अधिकारातील विषयांच्या यादीत, आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते; म्हणूनच कुंभमेळ्याची मुख्य जबाबदारी राज्याकडे येते.

आता जिल्हाधिकाऱ्यांविषयी. हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. जिल्हाधिकारी भारतीय प्रशासन सेवेतील असतात, ती घटनेच्या ३१२ व्या अनुच्छेदाखालील अखिल भारतीय सेवा आहे. संघ लोकसेवा आयोग त्यांची निवड करतो, नियुक्ती राष्ट्रपतींच्या नावाने होते आणि त्यांना बडतर्फ करण्याचा अधिकार राज्याला नसतो. पण एकदा महाराष्ट्र केडर मिळाले, की कोणत्या जिल्ह्यात नेमायचे, केव्हा बदली करायची हे राज्य शासन ठरवते आणि जिल्ह्यात असेपर्यंत पगारही राज्याच्या तिजोरीतून होतो. जमीन, जमीन महसूल आणि सार्वजनिक सुव्यवस्था या राज्यसूचीतील बाबी असल्याने त्यांचे रोजचे बहुतेक काम राज्याचे असते. मात्र लोकसभेची वा विधानसभेची निवडणूक लागली, की तेच अधिकारी जिल्हा निवडणूक अधिकारी म्हणून भारत निवडणूक आयोगाच्या नियंत्रणाखाली जातात. जनगणनेतही ते केंद्राच्या कायद्यानुसार काम करतात. खुर्ची एकच असते, पण ज्या कायद्याखाली कागद पुढे येतो त्यानुसार तिचा धनी बदलतो.

आपल्या कांद्याच्या निवेदनाचे उत्तर यातच आहे. लासलगावच्या बाजार समितीत लिलाव कसा व्हावा, आडत कोणी द्यावी, वजनमापाचा हिशेब कसा ठेवावा याचे नियमन राज्याच्या कायद्याखाली होते. परदेशी व्यापार आणि सीमाशुल्क या मात्र संघसूचीतील, म्हणजे केंद्राच्या यादीतील, बाबी आहेत. निर्यातबंदी केंद्राने घातली, मे २०२४ मध्ये ती उठवताना ४० टक्के शुल्क केंद्रानेच लावले आणि १ एप्रिल २०२५ पासून उरलेले शुल्क काढले तेही केंद्रानेच. जिल्हाधिकाऱ्यांच्या आवक कक्षात आपल्या निवेदनावर जो शिक्का पडला, त्यापुढे त्या कागदाला मंत्रालय आणि मग दिल्ली एवढा प्रवास करायचा होता. ‘शासनाकडे पोहोचवतो’ हे उत्तर ऐकताना टाळाटाळ वाटते, हे आम्हाला समजते, शेतात कांदा सडत असताना तर अधिकच. पण त्या विषयात जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती तेवढेच होते. अशा वेळी निवेदनाची एक प्रत आपल्या खासदारांना द्यावी, कारण तो प्रश्न संसदेत मांडता येतो.

नाशिकरोडला गेलात, तर ही विभागणी डोळ्यांनी पाहता येते. विभागीय आयुक्तांचे कार्यालय राज्याचे. थोड्याच अंतरावर नोटा छापणारा कारखाना आहे, तो केंद्राच्या अखत्यारीतला, कारण चलन ही संघाची बाब. पुढे देवळालीत गेलात, की छावणीच्या हद्दीत महापालिकेचा अंमल नसतो, कारण छावणी क्षेत्रेही संघसूचीत येतात आणि तेथील मंडळ संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत चालते.

राहिला आपला वारस नोंदीचा वाद, आणि आमच्या मते आपल्यासाठी आज सर्वांत तातडीची बाब हीच आहे. गावातील मंडळींचा सल्ला मानू नका. महसुली अपिलाच्या पायऱ्या कायद्याने बांधलेल्या आहेत. तलाठ्यांनी (ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) फेरफार धरला, मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित केला किंवा हरकतीवर निर्णय दिला, त्यावर प्रांतांनी अपील ऐकले. आता पुढची पायरी जिल्हाधिकाऱ्यांची आहे, प्रत्यक्षात सुनावणी बहुधा अपर जिल्हाधिकाऱ्यांपुढे होते. विभागीय आयुक्तांचा टप्पा त्यानंतरचा. संहितेच्या कलम २५० प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांहून खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध अपील करण्यास साठ दिवस मिळतात. म्हणजे निम्मी मुदत आपण घालवून बसला आहात. आदेशाची प्रमाणित नक्कल मिळवण्यात गेलेला वेळ या साठ दिवसांतून वगळला जातो, म्हणून नकलेच्या अर्जाची पोच जपून ठेवा आणि नकलेवर अर्जाची तारीख व नक्कल तयार झाल्याची तारीख लिहिली आहे ना, हे हातात घेताना तेथेच पाहा. उशीर झालाच, तर कारण पटवून विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यावर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट वकिलांना आवर्जून विचारा. सातबारावरील नोंद महसुलाच्या कामासाठी असते आणि विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती खरी मानली जाते. तिने मालकी निर्माण होत नाही. आपला वाद नोंदीच्या पद्धतीपुरता असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडील अपील पुरेसे आहे. पण मृत्युपत्र खरे की खोटे, बहिणींचा हिस्सा किती, असा मूळ हक्काचाच तंटा असेल, तर त्याचा निर्णय दिवाणी न्यायालयच देऊ शकते आणि त्या न्यायालयाचा हुकूमनामा झाला, की महसूल खात्याला नोंद त्याप्रमाणे करावी लागते.