७-१-७४ ची कॅसेट : आधी जशीच्या तशी उतरवा, साफसफाई नंतर

तुमची पोस्ट वाचली. काकांच्या अमेरिकेतल्या सामानात सी-९० (९० मिनिटांची) कॅसेट सापडली, लेबलवर 'क्रिम्सन ७-१-७४', म्हणजे किंग क्रिम्सन या ब्रिटिश रॉक बँडची मैफल, सूर त्यांच्या अल्बमपेक्षा वर आणि शेवटाकडे आणखी वर, खरखर भरपूर, आणि आता ती 'क्लीन करून' देणाऱ्या दुकानात टाकायचा विचार आहे. अजून दिली नसेल तर कृपया थांबा.

तारखेचं आधी सांगतो. अमेरिकेत महिना पुढे लिहितात, म्हणजे ही १ जुलै १९७४. ७ जानेवारी असणं शक्य नाही, त्या महिन्यात किंग क्रिम्सन लंडनला स्टुडिओत होते. १ जुलैचा कार्यक्रम न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला, फ्रिप (गिटार), वेटन (बास, गायन), ब्रुफर्ड (ड्रम), क्रॉस (व्हायोलिन) या संचाचा शेवटचा. डीजीएमने, म्हणजे बँडच्याच रेकॉर्ड कंपनीने, तो कलेक्टर्स क्लबमधून काढलेला आहे, त्याच्याशी ताडून बघा. गाण्यांवरून नका ठरवू, त्या दौऱ्यात ती रोज थोड्याफार फरकाने तीच असायची. मधलं इम्प्रोव्हायझेशन (आयत्या वेळी सुचेल ते वाजवणं) जुळतंय का ते ऐका, ते दोन रात्री सारखं येत नाही.

आता मुद्द्याचं. माझं सगळ्यात मोठं नुकसान अशाच एका नावाजलेल्या, कॅसेटचा आवाज संगणकात उतरवून देणाऱ्या डिजिटायझेशनवाल्याने केलं, नाव लिहीत नाही. त्याने ५०, ६०, १०० आणि १२० हर्ट्झवर फिल्टर लावले, वरून खरखर काढणारं सॉफ्टवेअर फिरवलं आणि सीडी हातात ठेवली. मूळ कॅप्चर (फिल्टरआधीची फाइल) मागितलं तर 'ते आम्ही ठेवत नाही.' त्यात त्याच्या डेकने (कॅसेट वाजवायच्या यंत्राने) फीत एका कडेने चुरगळून दिली होती, म्हणजे तेवढा भाग पुन्हा उतरवायची सोय राहिली नाही. आवाज स्वच्छ आहे ना, मग तक्रार कसली, असं वर ऐकून घ्यावं लागलं. काउंटरवरच्या माणसाला हे कळतच नाही की तो ज्याला कचरा समजून काढतो तीच टेपच्या वेगाची एकमेव खूण असते.

कशी ते सांगतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. स्टेजवरच्या अॅम्प्लिफायरची गुणगुण दोन गाण्यांमधल्या शांत जागी टेपवर उतरते, ६०, १२०, १८० अशा पटीत. १८० ची रेषा १८५.४ वर दिसली की समजायचं टेप ३ टक्के जलद आहे, म्हणजे सूर जवळपास पाव स्वराने वर. १० मिनिटांच्या तुकड्यात हाच फरक सुमारे १७ सेकंदांचा होतो, तेव्हा डीजीएमच्या आवृत्तीत आणि तुमच्या टेपमध्ये ड्रमचे तेच दोन ठोके धरून अंतर मोजलं तरी पडताळा मिळतो. स्पेक्ट्रम (कोणत्या हर्ट्झला किती आवाज आहे त्याचा आलेख) बघताना फाइलची ४८ किलोहर्ट्झची प्रत करून ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये एफएफटीचा, म्हणजे हा आलेख काढणाऱ्या गणिताचा, आकार ६५,५३६ ठेवा. तिची पायरी ०.७३ हर्ट्झची पडते, म्हणून ६० च्या रेषेवर मोजू नका, १८० किंवा त्यावरची धरा.

इथे एक फसगत होते. आपल्याकडे उतरवताना ५० आणि १०० वर जी रेषा येते ती आपल्या घरच्या विजेची. ती जागची हलत नाही, तिचा टेपच्या वेगाशी संबंध नाही.

तुमचा सूर शेवटाकडे चढतो त्याचं कारण बहुधा मैफलीत ज्या हातातल्या रेकॉर्डरवर हे भरलं त्याचे सेल. सेल उतरले की मोटर मंदावते, मंद वेगाने भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर वर जातो. म्हणून कॅसेटच्या अख्ख्या बाजूला एकच आकडा लावू नका, प्रत्येक गाण्यानंतरच्या शांततेत नव्याने मोजा. दुरुस्ती रिसॅम्पलिंगने (वेग आणि सूर एकत्र बदलून) करा, पिच-शिफ्टने (वेग तसाच ठेवून नुसता सूर बदलून) अजिबात नको, त्यात झांजांचा पार चोथा होतो. आणि त्यांच्या 'स्टारलेस' गाण्याच्या सुरुवातीच्या मेलोट्रॉनवर (टेपवर भरलेले सूर वाजवणाऱ्या कीबोर्डवर) सूर जुळवायचा मोह आवरा. त्या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली ८ सेकंदांची टेप असते आणि विजेचा दाब हलला की ते स्वतःच बेसूर होतं.

उतरवताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, शिखर उणे ६ डेसिबलच्या आत. ९० मिनिटांना सुमारे ३.१ जीबी लागतात. डेकवरचं डॉल्बी (टेपची खरखर दाबणारी यंत्रणा) बंद ठेवा. ७४ सालच्या हातातल्या रेकॉर्डरला बहुधा ते नसेल, पण तुमची प्रत कुणी घरच्या डेकवर केली असेल तर असू शकतं. ते नंतरही सोडवता येतं, मात्र वरचे स्वर आणि पातळी शाबूत असेल तरच, कारण डॉल्बी बी (कॅसेटवरचा नेहमीचा प्रकार) त्याच आधाराने चालतं. हेड (फीत वाचणारा भाग) साफ करणं वगैरे तुम्हाला माहीत असेलच. अॅझिमथ (हेडचा फितीशी कोन) मात्र प्रत्येक बाजूला वेगळा लावा: दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो ऐका, हेडजवळचा स्क्रू अगदी थोडा फिरवा, झांज सगळ्यात लख्ख ऐकू येईल तिथे थांबा.

खरखर काढण्याबद्दल माझं मत कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. या संचाची खरी ताकद शांत जागांत आहे. ॲम्स्टरडॅमला २३ नोव्हेंबर १९७३ ला वाजलेलं 'ट्रायो' ऐका. ब्रुफर्ड एकही ठोका न मारता बसून राहिला, तरी रचनाकारांत त्याचं नाव आहे. असल्या जागी क्रॉसच्या व्हायोलिनची वरची कड आणि टेपची खरखर एकाच पट्ट्यात येतात, सॉफ्टवेअर दोन्ही घेऊन जातं. १९७५ च्या 'यूएसए' या त्यांच्या लाइव्ह अल्बममध्ये एडी जॉब्सनचं व्हायोलिन स्टुडिओत चढवलं होतं. ॲस्बरी पार्कची मैफल (हा अल्बम मुख्यतः तिच्यावरूनच झाला) पुढे त्याविना ऐकायला मिळाली, कारण मूळ टेप कुणी पुसल्या नव्हत्या. आणि आवाज भसाडा आहे म्हणून टेप टाकून द्यायची नाही. 'अर्थबाउंड' तर याच बँडचा, कॅसेटवरच भरलेला अधिकृत अल्बम आहे.

दुकानातच द्यायची असेल तर 'कोणताही फिल्टर नाही, मूळ वेव्ह (न दाबलेली) फाइल हवी' हे पावतीवर लिहून घ्या. मी व्यावसायिक इंजिनिअर नाही, कायद्याचंही मला विचारू नका. विकू मात्र नका.

फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका, हेडवाटे ती दुसऱ्या कॅसेटना लागते. सी-९० ची फीत पातळ असते, सारखी पुढे-मागे पळवू नका. आणि मागच्या कडेच्या दोन खिट्या शाबूत असतील तर डेकमध्ये घालण्याआधी आजच तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी वरून काही भरलं जाणार नाही.