दुसऱ्यांदा बर्निंग मॅनला जाताना

प्रिय मित्रा,

बर्निंग मॅनला, म्हणजे ऑगस्टअखेरीस अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात आठवडाभर भरणाऱ्या त्या मेळ्याला, पुन्हा जायचं ठरवलंस, बरं केलंस. पहिल्या खेपेला सगळं पाहिलं पण कुणाशी धड चार शब्द बोलणं झालं नाही, ही तुझी तक्रार. दिवसभर सायकलवरून शिल्पं बघत हिंडायचं, संध्याकाळी तंबूत येऊन डब्यातला राजमा खायचा आणि रात्री लांबून गाणी ऐकत पडायचं. पहिल्यांदा जाणाऱ्या कित्येकांचं असंच होतं. मग ते निश्चय करतात की यंदा बुजायचं नाही, आणि दुसऱ्याच दिवशी तो निश्चय धुळीला मिळतो. स्वभाव काही ऑगस्टपर्यंत बदलत नाही. तो राहू दे तसाच. बदलायची आहे ती तुझी उभं राहायची जागा: काउंटरच्या समोरून मागे जा.

असं का म्हणतो ते सांगतो. ब्लॅक रॉक सिटीत, म्हणजे मेळ्यापुरत्या वसणाऱ्या त्या शहरात, पैसे टाकून मिळतो तो बर्फ. बाकी चहा-कॉफी, पॅनकेक, योगाचे वर्ग, दारूचे गुत्ते, पन्नास फुटी शिल्पं, सगळं कुणी ना कुणी हौसेनं आणि पदरमोड करून उभं केलेलं असतं. 1986 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स यांनी लाकडी पुतळा जाळला, 1990 मध्ये हा प्रकार नेवाडाच्या वाळवंटात गेला, आणि 2004 मध्ये हार्वींनी त्याची दहा तत्त्वं कागदावर उतरवली. त्यातलं एक म्हणजे सहभाग. आता तिथे सत्तर हजारांच्या आसपास माणसं जमतात. नुसतं बघायला आलेल्याला तिथे कुणी तुसडेपणानं वागवत नाही, पण त्याच्या वाट्याला काही कामही येत नाही. आणि कामाशिवाय बुजऱ्या माणसाला तोंड उघडायला निमित्त मिळत नाही.

सगळ्यात सोपं काम म्हणजे लॅम्पलायटर्स, अर्थात दिवे लावणारी मंडळी. शहरातून ‘मॅन’कडे (शेवटी जाळतात तो लाकडी पुतळा) आणि टेम्पलकडे (लाकडी मंदिर, तेही जाळतात) जाणाऱ्या वाटांवर लाकडी खांब असतात, त्यांवर रोज संध्याकाळी रॉकेलचे कंदील चढवले जातात. सेंटर कॅम्प या शहराच्या सामाईक जागेजवळ त्यांचा तळ आहे. सूर्यास्ताच्या बरंच आधी तिथे जायचं आणि ‘आज मदत करायची आहे’ एवढंच म्हणायचं. आधी नाव नोंदवलं नसलं तरी चालतं. अंगात झगा चढवतात आणि काम सांगतात. कुणी खांद्यावर कावडीसारखा दांडा घेऊन कंदील वाहतो, कुणी लांब काठीनं ते खांबावर अडकवतो, कुणी सोबत पाणी घेऊन चालतो. दांडा जड असतो. खांद्यावर पंचाची जाड घडी ठेव, नाहीतर दुसऱ्या दिवशी खांदा धरतो. पहिल्या संध्याकाळी पाणी वाहायचं काम माग, कारण त्या माणसाला सगळ्यांकडे जावं लागतं आणि ‘पाणी हवं?’ एवढ्यावर भागतं. सोमवारी गेलास तर मंगळवारीही जा. एकदा येऊन गेलेल्याला तिथे नवखा धरतात, दोनदा आलेल्याला नावानं हाक मारतात.

दुसरा मार्ग सायकलींचा. तुला हातोटी आहे म्हणून हा जरा सविस्तर लिहितो. वाटायला शंभर-दोनशे किचेन नाहीतर ब्रेसलेट करून नेऊ नकोस. बुजरी माणसं हमखास तेच करतात. मग ते कुणाच्या हातात कसे ठेवावे हे कळत नाही, आणि ज्यांना मिळतात त्यांच्याकडूनही ते वाटेत कुठेतरी पडून कचरा होतात. त्यापेक्षा सावलीत बस आणि ‘सायकल दुरुस्ती, सकाळी 9 ते 11’ असा कापडी फलक लाव. लोक आपण होऊन येतात. तुझी नजर साखळीवर असते, हात कामात असतात आणि बोलणं समोरच्याकडून सुरू होतं.

सामान फार लागत नाही. 15 मिलिमीटरचा पाना आधी घे. तिथल्या बहुतेक सायकली स्वस्तातल्या क्रूझर असतात, त्यांच्या चाकांचे नट आणि पेडल दोन्ही त्याच मापाचे. पाना जाडा असला तर पेडल आणि क्रँकच्या फटीत शिरत नाही, म्हणून पातळ बघून घे. 4, 5 आणि 6 मिलिमीटरच्या ॲलन की, टायर काढायच्या पट्ट्या, पंक्चरचा डबा, उभा पंप आणि 26 इंची चार-पाच ट्यूबा. सगळ्यात जास्त तक्रार गळणाऱ्या पेडलची येते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. घाईत जोडणारा ते सुलट फिरवून आटे खातो आणि मग पेडल रस्त्यात पडतं. डावं पेडल बसवताना घड्याळाच्या उलट दिशेनं, आधी बोटांनी तीन-चार फेरे सहज जातात का बघ, मगच पाना लाव. साखळीला ओलं तेल चुकूनही घालू नकोस. तिथली धूळ पिठासारखी बारीक असते, तेलात कालवली की तिची खळ होते आणि दिवसभरात साखळी कुरकुरायला लागते. कोरड्या ब्रशनं झाडायची आणि मेणाचं वंगण थेंबाथेंबानं द्यायचं. झिप टाय वापरलास तर कापलेलं टोक तिथल्या तिथे खिशात टाक. ते पांढऱ्या जमिनीवर पडलं की दिसेनासं होतं.

चहाचाही मोह होईल, आपल्या माणसाला होतोच. चाळीस जणांना शंभर-शंभर मिलिलिटर म्हणजे चार लिटर चहा, त्याला साधारण 80 ग्रॅम चहापूड, अडीचशे ते तीनशे ग्रॅम साखर आणि सुंठ. दूध पावडरचंच ने, उन्हात ताजं टिकवण्यात बर्फ संपतो. शेगडी जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेव. कागदी पेले नेऊ नकोस, प्रत्येकानं आपला पेला कमरेला अडकवून फिरायचं हा तिथला रिवाज आहे. गाळलेला चोथा जाळीत पसरून उन्हात वाळवायचा आणि घरी आणायचा. उरलेलं पाणीही जमिनीवर ओतायचं नाही, भांडी धुतलेलंसुद्धा नाही. मात्र लोकांसाठी स्वयंपाकघर चालवणाऱ्या कॅम्पांना (एकत्र तंबू टाकून राहणारे गट) नेवाडाच्या आरोग्य खात्याचा परवाना काढावा लागतो, तेव्हा चूल मांडण्याआधी कॅम्पप्रमुखाला विचार.

आता हिंडण्याबद्दल. रस्ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे 2 ते 10 असे आखलेले आणि आडवे रस्ते इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं, हे तुला पाठ असेलच. गेल्या वर्षी तू बहुधा एस्प्लनेडवर, म्हणजे मैदानाला लागून असलेल्या सगळ्यात आतल्या रस्त्यावर, आणि उघड्या मैदानातच फिरलास. दोन्ही ठिकाणी गर्दी किंवा एकांत, मधलं काही नाही. मोठे ध्वनिक्षेपक 2 आणि 10 च्या टोकांना असतात, तिथे बोलणं ऐकूच येत नाही. तुझ्यासारख्यानं सकाळी आठ ते अकरा या वेळात मागच्या रस्त्यांवर, ई-एफच्या पलीकडे, चालत फिरावं. सायकल तंबूपाशीच ठेव. सायकलवाला पुढे निघून जातो, चालणाऱ्याला लोक हाक मारतात. रस्त्याकडे तोंड करून खुर्च्या मांडलेल्या असल्या की ते आमंत्रणच समज. भेटल्यावर मिठी मारायची तिथे पद्धत आहे. ती नको असेल तर आधीच हात जोडून नमस्कार कर, कुणाला वाईट वाटत नाही. तूही मिठी मारण्याआधी आणि फोटो काढण्याआधी विचार.

पोशाखाचं फार मनावर घेऊ नकोस. सुती कुडता आणि फेटा झकास चालतो. ऊन अडतं आणि वादळात फेट्याचा शेमला नाकातोंडावर ओढता येतो. पिसांचा तुरा आणि चमकी मात्र नको, दोन्ही उडतात आणि वेचता येत नाहीत.

शरीराचं म्हणशील तर दिवसाला माणशी दीड गॅलन, म्हणजे साडेपाच लिटरहून थोडं जास्त पाणी धर. ही पिण्याची, स्वयंपाकाची आणि धुण्याची मिळून बेरीज आहे. नुसतं पाणी ढोसून डोकं दुखतं, कारण घामावाटे मीठ जातं, तेव्हा ओआरएसची पाकिटं ठेव. धूळ अल्कधर्मी आहे, अनवाणी फिरलं की टाचा उकलतात. रात्री एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाण्यानं पाय पुसायचे, साध्या पाण्यानं धुवायचे, मलम लावून मोजे घालायचे. दुपारी एक ते चार झोप. लाजेपेक्षा झोपेचं खोबरं झाल्यानं माणसं जास्त गप्प होतात, हे ध्यानात ठेव. रात्री गारठा पडतो, लोकरीची टोपी आणि जाड जाकीट लागतंच.

तंबूबरोबर येणाऱ्या तारेच्या खुंट्या घरीच ठेव. त्या वाऱ्यात सुटतात आणि मंडप शेजाऱ्याच्या डोक्यावर जातो. 3/8 इंची जाडीचे, 12 ते 14 इंच लांबीचे लॅग स्क्रू (षट्कोनी डोक्याचे जाड स्क्रू), प्रत्येकाला मोठा वॉशर आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरला (स्क्रू पिळायचं यंत्र) 9/16 इंची सॉकेट, एवढं ने. पाच मिनिटांत तंबू घट्ट बसतो आणि निघताना स्क्रू तितक्याच सहज उलटे निघतात. स्क्रूच्या डोक्यावर रंगीत कापड बांध, रात्री ठेच लागत नाही. तंबू घेताना नुसत्या जाळीचा नको, जाळीवर चेननं बंद करता येणारं कापड असलेला बघ.

धुळीचं वादळ आलं आणि हात दिसेनासा झाला की सायकलवरून उतर, वाटेतून बाजूला हो, दिवा चालू ठेव आणि बस. फिरत्या कलावाहनांच्या चालकांनाही तेव्हा काही दिसत नसतं. चष्म्यावर बसणारा पारदर्शक गॉगल नि एन-95 मास्क झोळीत कायम असू दे, गडद गॉगल रात्री निरुपयोगी. पावसाचं 2023 साली काय झालं ते ऐकलंच असशील: शुक्रवारपासून पाऊस, बाहेर जायचा रस्ता बंद, आणि शनिवारी जळायचा ‘मॅन’ सोमवारी, 4 सप्टेंबरला जळला. ती माती ओली झाली की चाकांना आणि बुटांना विटेएवढी चिकटते. बुटांवर जुने मोजे चढवले तर थोडं चालता येतं. खाणंपिणं तीन दिवसांचं जास्तीचं ने आणि परतीचं विमान लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) दुसऱ्या दिवसाआधीचं काढू नकोस.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण कॅम्पमधले अमेरिकी मित्र ती सांगणार नाहीत. ती जमीन केंद्र सरकारची आहे. नेवाडात गांजा कायदेशीर असला तरी तिथे नाही, आणि पोलीस साध्या वेशातही फिरतात. नागरिकाला जे दंडावर निभावतं त्यानं एफ-1 (विद्यार्थी) किंवा एच-1बीवर (नोकरी) असलेल्याचा व्हिसा अडचणीत येऊ शकतो. कुणी देऊ केलं तर ‘नको, आभार’. आणि आपल्या पाण्याची बाटली दुसऱ्याच्या हाती सोडायची नाही.

टेम्पल रविवारी रात्री जळतं. डेव्हिड बेस्ट यांनी 2000 साली पहिलं बांधलं, तेव्हापासून लोक आपल्या वारलेल्या माणसांची नावं तिथे लिहितात. भिंतीवर मराठीत लिहिलंस तरी चालेल. तिथे कुणी तुझ्याकडून बोलण्याची अपेक्षा करत नाही, पण नुसता तिथेच मुक्काम ठोकू नकोस. बुजऱ्यांना ती जागा फार सोयीची पडते.

राहता राहिला कॅम्पचा विषय, आणि हेच तातडीचं आहे. यंदा एकटा उघड्यावर उतरू नकोस, वीस-चाळीस जणांच्या कॅम्पमध्ये शीर. शंभरावरच्या कॅम्पमध्ये तू पुन्हा हरवशील. कॅम्पांची भरती फेब्रुवारी-मार्चपासून सुरू होते, आणि त्यांच्यामार्फत तिकिटाची संधीही बरी असते. पण मुख्य विक्रीसाठी तुझं स्वतःचं बर्नर प्रोफाइल (मेळ्याच्या संकेतस्थळावरचं खातं) आधी तयार ठेव, आणि वाहन नेणार असलास तर त्याचा पास वेगळा लागतो हे विसरू नकोस. कॅम्पला विचारायचं ते हे: वर्गणी किती आणि त्यात काय येतं, पाळ्या किती, वीज कुणाची, आणि आवराआवर कोणत्या दिवशी. शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर तो कॅम्प सोड.

कारण रविवार-सोमवारी निम्मे लोक पसार होतात आणि उरलेल्यांचा जीव जातो. नंतर सफाईवाले सगळं शहर पायी तपासतात. सरकारचं माप एकरी एक चौरस फूट कचरा एवढं कडक आहे. प्रत्येक कॅम्पची जागा हिरवी, पिवळी की लाल हे नकाशावर छापलं जातं आणि पुढच्या वर्षी जागा देताना ते बघतात. तू सोमवारभर थांब. चौघांनी एका रांगेत हातभर अंतरानं चालायचं, आधी मोठं उचलायचं, मग गुडघ्यावर बसून लाकडाचे कपचे, दोरे, शेंगांची टरफलं. ज्याची ओळख आठवडाभर झाली नाही त्याच्याशी ती या दोन तासांत होते. आणि मंगळवारी निघालास तर गाड्यांच्या रांगेत सोमवारइतके तास जात नाहीत. सायकल मात्र तिथे टाकून येऊ नकोस, वाटेतल्या रेनो शहरात दान घेणारे असतात.

कॅम्पला लिहिताना आपण किती उत्साही आहोत वगैरे नको. चार ओळी पुरेत: दुसरं वर्ष आहे, सायकली दुरुस्त करता येतात, अवजारं माझी, उभारणीला दोन दिवस आधी येऊ शकतो आणि मंगळवार सकाळपर्यंत थांबतो. असं पत्र त्यांना क्वचित येतं. मसुदा रविवारपर्यंत पाठव, बघून परत देतो.

तुझा,
काका