अडीच लाखांवर सही करू की ग्राहक आयोगात जाऊ?

ताई, इतर वाचकांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही ४ लाख २० हजारांचं कॉम्प्युटराइज्ड एम्ब्रॉयडरी मशीन घेतलंत. त्यात १ लाख घरचे आणि ३ लाख २० हजार बँकेचं कर्ज: १४ टक्के व्याज, चार वर्षं, हप्ता ८,७०० च्या आसपास. अकरा हप्ते भरून झाले. बोर्ड दोनदा बदलूनही धागा तुटतोच, डिझाइन मध्येच सरकतं आणि ऐन लग्नसराईत ब्लाउजची कामं परत गेली. आता डीलर म्हणतो, मशीन द्या, अडीच लाख घ्या आणि 'आमचं काही येणं उरलं नाही' असं लिहून द्या.

या आकड्यावर सही करू नका. कर्जाची बाकी आज साधारण २ लाख ६० हजार आहे. म्हणजे मशीन जाऊन वर दहा हजार तुम्हालाच भरावे लागतील, मुदतपूर्व फेडीचं शुल्क असेल तर तेही.

मग आयोग? तिथे डीलरचा वकील पहिला मुद्दा काढणार तो हा की मशीन धंद्यासाठी घेतलंय, त्यामुळे तुम्ही ग्राहकच नाही. घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठीची खरेदी वगळली आहे खरी, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणात धरलेली नाही. मशीन तुम्ही स्वतः चालवता, मदतीला एक मुलगी आहे. अशा एकदोन मदतनिसांमुळे ग्राहकपण जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय. उद्या चार मशीन आणि सहा कारागीर झाले, तर मात्र ही ढाल पातळ होते.

खर्चाचीही फारशी चिंता नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क शून्य, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार तुमच्याच जिल्ह्यात करता येते, डीलरच्या शहरात जायला नको. अडचण आहे ती वेळेची. कायदा तीन महिन्यांत निकाल द्या म्हणतो, वस्तूची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात मी दोन वर्षं धरूनच हिशेब करतो, आणि पुढे डीलर अपिलात गेला तर आणखी. (त्यासाठी त्याला निम्मी रक्कम आधी भरावी लागते, एवढाच दिलासा.)

आता तोच १४ टक्क्यांचा दर लावून बघा. आजचे अडीच लाख दोन वर्षांनी सुमारे ३ लाख ३० हजारांच्या तोडीचे. पूर्ण जिंकलात तर हातात ४ लाख २० हजार, वर आयोग देईल ते व्याज. हरलात तर फक्त बिघडलेलं मशीन. आणि आजचे ३ लाख? दोन वर्षांनंतरच्या जवळपास ४ लाखांएवढे. म्हणजे आज ३ लाख मिळाले तर पूर्ण विजयाच्या अगदी जवळ जाता, तेही तारखा न करता. म्हणून मागणी साडेतीनची ठेवा आणि ३ च्या खाली येऊ नका. नाहीच जमलं तर खुशाल तक्रार दाखल करा, डीलरबरोबर उत्पादक कंपनीलाही सामील करून.

वॉरंटी पुढच्या महिन्यात संपतेय, त्यामुळे तोंडी बोलणी आता बस. संपण्याआधी डीलर आणि कंपनी दोघांनाही ईमेल जाऊ द्या. मेकॅनिक येऊन गेला त्या प्रत्येक वेळचा सर्व्हिस रिपोर्ट जोडा आणि धागा तुटतानाचा व्हिडिओ तारखेसह ठेवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळदा कंपनी तेवढ्यानेच टेबलावर येते. आयोगात जायची मुदत दोन वर्षांची, पण ती कधीपासून मोजायची यावरच वाद घालतात, म्हणून शेवटच्या महिन्याची वाट बघू नका.

रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. बँकेने मशीन दिलेलं नाही, पैसे दिलेत. सिबिल बिघडेल ते तुमचं, डीलरचं नाही.

आणि तडजोड झालीच तर एक बघा: कर्ज फिटेपर्यंत मशीन बँकेकडे तारण आहे, त्यांच्या लेखी परवानगीशिवाय ते परत देता येणार नाही. डीलरने पैसे थेट कर्जखात्यात भरावेत, उरलेले तुमच्या खात्यात यावेत, बँकेचं ना-हरकत पत्र हातात पडावं, आणि मगच त्याचा टेम्पो दारात यावा.