फियाटमधली चिंधी, चंदेरी आणि साबण

प्रश्न : नमस्कार. १९८६ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, घेतली आहे. आधीचे मालक निवृत्त शिक्षक, गाडी जिवापाड जपलेली. पण फ्यूल पंपाला तारेने आवळलेली चिंधी, एका फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी, टाकीच्या तळाला घासलेला साबण आणि क्लच पेडलखाली गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा सापडला. गिअरच्या दांड्यांच्या सांध्यात तर चपलेचं रबर निघालं! हे सगळं एकदम काढून टाकावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : एकदम नको. चंदेरी मात्र आजच काढा.

तुमच्या गाडीतले फ्यूज चिनी मातीचे आहेत, बाहेरून धातूची पट्टी असलेले. पांढरा असेल तर ८ अँपिअरचा. ती पट्टी सारखी जळत होती म्हणूनच गुरुजींनी चंदेरी गुंडाळली असणार. चंदेरी वेळेवर जळेलच असं नाही, मग डॅशबोर्डमागची वायर जळते. पेट्रोलच्या टाकीची गळती साबणाने बुजवलेल्या गाडीत हा धोका कशाला पत्करायचा?

नवा फ्यूज लगेच घालू नका, तोही जाईल. त्या फ्यूजवर जे जे बल्ब चालतात ते काढून ठेवा, रेडिओ-टेप असेल तर त्याचीही वायर सोडा. मग फ्यूजच्या दोन चिमट्यांना इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब दोन वायरींनी जोडा आणि स्विच चालू करा. बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी वायर पत्र्याला टेकली आहे. आता एकाने बल्बकडे बघायचं आणि दुसऱ्याने वायरी हलवत मागे मागे जायचं. ज्या ठिकाणी बल्ब विझेल तिथे दुखणं. माझा पहिला संशय डिकीकडे जाणाऱ्या वायरीवर. ती पत्र्याच्या भोकातून जाते. तिथलं ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसवलेलं रबरी कडं, झिजून पडलं की पत्र्याची धार तिला कापत राहते. बल्ब पेटलाच नाही, तर नंतर कुणीतरी जोडलेल्या रेडिओ-टेपकडे बघा. असल्या जोडणीत मी चिकटपट्टीऐवजी बँडेजची पट्टीसुद्धा पाहिली आहे.

चिंधीला हसू नका. मुंबईत पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत धावल्या, आणि त्यांचे चालक उन्हाळ्यात हाच उपाय करायचे. पंप इंजिनालाच बसवलेला असतो. ट्रॅफिकमध्ये इंजिन तापलं की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो आणि गाडी मान टाकते. चिंधीवर पाणी ओतलं की ते वाळताना उष्णता घेऊन जातं, वाफेचं परत पेट्रोल होतं. शास्त्र बरोबर आहे! पण चिंधी तारेने कायमची बांधलेली आहे याचा अर्थ इंजिन नेहमीच गरम राहत होतं. रेडिएटरमध्ये बोअरच्या पाण्याचा क्षार साठलाय का, फॅन बेल्ट सैल आहे का, इंजिनातल्या ठिणगीचं टायमिंग मागे गेलंय का, हे बघून घ्या आणि मगच चिंधी सोडा. पंप उघडाल तेव्हा डायफ्राम, म्हणजे आतला लवचीक पडदाही बदला, आणि नळ्याही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला सोसत नाही. घेताना इथेनॉल चालेल असाच माल मागा.

साबणाचंही तेच. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही म्हणून तर घाटात अडकलेल्या ड्रायव्हरला तो उपयोगी पडायचा. पण पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो, त्यामुळे आताच्या पेट्रोलपुढे त्याचा भरवसा आणखी कमी. टाकी उतरवून घ्या. आणि कृपा करून कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते, ती भरलेल्या टाकीपेक्षा घातक. टाकीचं काम नेहमी करणारा माणूस गाठा. आधी टाकी नीट धुऊन वाफ घालवतो ना, हे विचारा. तो 'काही होत नाही हो' म्हणाला, तर टाकी उचलायची आणि चालू लागायचं.

डब्याचा पत्रा उचकटून बघा. खाली डांबर असेल, डांबराखाली पाणी, आणि पाण्याखाली मूळ पत्रा उरलाच असेल तर नशीब. पाणी बहुतेक पुढच्या काचेच्या रबरातून येतं. ते रबर आधी बदला, मग जमिनीचा पत्रा.

चपलेचं रबर राहू द्या. गिअर नीट पडतात ना? मग घाई नाही. कधी कोल्हापूरला आलात तर उद्यमनगरात एखाद्या लेथवाल्याकडून नायलॉनचा बुश, म्हणजे सांध्यात बसणारं कडं, करून घ्या. नमुना म्हणून तोच चपलेचा तुकडा न्या, गुरुजींनी मापात कापलेला दिसतोय.

प्रश्न : रेडिएटर गळतो म्हणून गाडी विकणाऱ्याने त्यात हळद घातली होती, असं आता सांगतो. गळती थांबली आहे. तशीच ठेवू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : घाटातून घरी पोहोचण्यापुरती हळद ठीक आहे. ती फुगते आणि बारीक भोक बुजवते; पण तिला भोक कुठलं आणि पाण्याची नळी कुठली हे कळत नाही. गळती थांबली, आता गाडी तापायला लागेल. रेडिएटर उतरवा, खालच्या तोंडातून उलटं पाणी सोडून धुवा आणि गळणारी जागा झाळून घ्या. रेडिएटरवाल्याला हळद घातल्याचं आधी सांगा, नाहीतर पिवळा गाळ बघून तो गंजाचंच बिल लावेल.