पोटावरची चरबी आणि मूत्रपिंडातले मीठ

प्रश्न : माझे वय ४६, वजन ९२ किलो. लोणचे-पापड आणि वरून मीठ घेणे सोडून सहा महिने झाले, तरी रक्तदाब १५०/९५ च्या खाली येत नाही. डॉक्टर म्हणतात, ‘आधी पोट कमी करा.’ चरबीचा मिठाशी काय संबंध?
— एक वाचक, सांगली

उत्तर : निरोगी मूत्रपिंडांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यात जवळजवळ दीड किलो मीठ असते, त्यातले ९९ टक्क्यांहून अधिक मीठ मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका परत रक्तात घेतात. या हिशेबात अर्ध्या टक्क्याचा फरक म्हणजेच सात ग्रॅम मीठ, अर्थात जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या दिवसभराच्या पाच ग्रॅमच्या मर्यादेहून जास्त. त्यामुळे ताटातले मीठ कमी केले, तरी नलिका किती मीठ धरून ठेवतात हा प्रश्न उरतोच.

चरबी तिथेच ढवळाढवळ करते. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचे संप्रेरक स्रवते, ज्याचा शोध १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लागला. त्याचे मूळ काम मेंदूला ‘पुरे झाले’ असे कळवण्याचे. पण स्थूल व्यक्तींच्या रक्तात ते भरपूर असूनही भूक आवरत नाही, आणि मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या अनुकंपी चेतातंतूंना (ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या नसांना) मात्र ते चेतवतच राहते. हे तंतू चेतले की मूत्रपिंडातून स्रवणारे रेनिन वाढते, त्यामुळे रक्तवाहिन्या आवळणारे अँजिओटेन्सिन, पुढे मीठ राखायला लावणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते, आणि नलिका मीठ घट्ट धरून ठेवतात. मिठाबरोबर पाणीही शरीरात राहते आणि रक्तदाब चढतो. (उंदरांना लेप्टिन थोडा वेळ दिले तर उलट लघवीतून मीठ अधिक जाते, घात होतो तो त्याच्या दीर्घकाळच्या आधिक्याने.) जन्मतःच लेप्टिन नसलेली माणसे अतिस्थूल असूनही त्यांचा रक्तदाब सहसा वाढत नाही, हा पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो.

अर्थात लेप्टिन एकटेच दोषी नाही. अँजिओटेन्सिनचा कच्चा माल मुख्यतः यकृतात बनत असला, तरी चरबीही त्यात भर घालते. शिवाय मीठ बाहेर टाकायला लावणारी हृदयातील संप्रेरके स्थूलपणात रक्तात कमी आढळतात.

तेव्हा डॉक्टरांचा सल्ला रास्त आहे. पण रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर त्या स्वतःहून बंद करू नका. पाव, फरसाण आणि बिस्किटांतले मीठ जिभेला जाणवत नाही, म्हणून चोवीस तासांच्या लघवीतील सोडियमची तपासणी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आपण खरोखर किती मीठ खातो, याचा त्यावरून बराच अंदाज येईल.