घरून काम सुरू करतोयस? आधी एवढं बघ

खानापुरात राहून पुण्यातल्या कंपनीचं काम मिळालं, मनापासून अभिनंदन! मी सात वर्षं बेळगावातनं हेच करतोय. सुरुवातीला थोड्याच गोष्टी सांभाळ.

सगळ्यात आधी वीज. आपल्याकडं पावसाळ्यात तारांवर झाड पडलं की हेस्कॉमची, म्हणजे आपल्या वीज कंपनीची, माणसं येईपर्यंत तासन्‌तास जातात. नवी मुलं लॅपटॉपची बॅटरी बघतात आणि राउटर विसरतात. राउटरसाठी छोटा यूपीएस घे, म्हणजे वीज गेली तरी तो बॅटरीवर चालू राहील. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, तरी अडॅप्टरवरचा आकडा वाचूनच घे. मोबाईलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम ठेव आणि घरात रेंज कुठं येते ते आजच शोध. मीटिंग चालू असताना अंगणात पळायची वेळ येऊ देऊ नकोस.

मग घरची माणसं. तू घरात दिसलास की "जरा गिरणीतनं दळण आण" येणारच. कामाच्या वेळा लिहून आईच्या हातात दे. मी हे वर्षभर बोललोच नाही, उगाच कटकटी झाल्या.

आणि अडलास तर अर्ध्या तासात टीमला विचार. तुझा चेहरा तिथं कुणाला दिसत नाही, लिहिलंस तरच कळणार.

पहिल्या पगारातनं खुर्ची मात्र चांगली घे.