स्वातंत्र्यावरील चित्रांत नेहमी तुटलेल्या बेड्या आणि उडणारे पक्षीच का दिसतात?

कलावंतांना याखेरीज दुसरे काही सुचत नाही का, असे आपण विचारले आहे. सुचते, परंतु बेड्या आणि पक्षी घाईत पाहणाऱ्यालाही कळतात, म्हणून निवड समित्यांना तेच हवे असतात.

‘स्वातंत्र्य’ हाच विषय असलेल्या एका सामूहिक प्रदर्शनासाठी मी बंद दाराचे तैलचित्र पाठवले होते. दार खोलीच्या आतून दिसत होते, कडी लावलेली होती, आणि ती वर्षानुवर्षे घासून लाकडावर उमटलेला कमानदार ओरखडा मी बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचे पातळ थर एकावर एक देत रंगवला होता. ज्या स्त्रीला घरातले एकही दार स्वतःसाठी लावून घेता येत नाही, तिच्या लेखी आतून लावलेली कडी हेच स्वातंत्र्य असते, एवढेच मला म्हणायचे होते. समितीतील एका ज्येष्ठ चित्रकारांनी, बंद दार म्हणजे कैद, दार उघडे रंगवून आणा, असे सांगून चित्र परत केले. कडी कोणत्या बाजूला आहे हे त्यांनी पाहिलेच नव्हते, आणि ज्यांना तो फरक दिसत नाही त्यांनी या विषयावरची चित्रे निवडू नयेत, असे माझे आजही स्पष्ट मत आहे.

कोंडलेल्या जागेतून स्वातंत्र्याचा विचार करणारी मी काही पहिली नव्हे. तैवानी कलावंत तेहचिंग श्ये यांनी सप्टेंबर १९७८ पासून वर्षभर न्यूयॉर्कमधील आपल्या स्टुडिओत स्वतःला पिंजऱ्यात कोंडून घेतले. बोलणे, वाचणे, लिहिणे, रेडिओ, टीव्ही सारे वर्ज्य केले आणि विचार करणे तेवढे शिल्लक ठेवले. चिनी कलावंत आय वेईवेई यांची गोष्ट निराळी: चीन सरकारने पासपोर्ट अडकवून ठेवला, तेव्हा ३० नोव्हेंबर २०१३ पासून जुलै २०१५ मध्ये तो परत मिळेपर्यंत त्यांनी बीजिंगमधील स्टुडिओबाहेर उभ्या सायकलच्या टोपलीत रोज ताजी फुले ठेवली. या दोन्ही कृतींत एकही पक्षी नाही.

अर्थात ठळक प्रतीकांना मी सरसकट टाकाऊ म्हणत नाही. फ्रेंच चित्रकार देलाक्र्वा यांनी १८३० मध्ये रंगवलेली, झेंडा उंचावणारी स्वातंत्र्यदेवता फ्रेंच सरकारने विकत घेतली आणि लोक भडकतील या धास्तीने पुढे नजरेआड केली. चित्राचा विषय असलेल्या, १८३० मधील पॅरिसच्या उठावाच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या.

आपण स्वतः चित्र काढत असाल, तर कोणाला कशापासून मोकळे व्हायचे आहे हे आधी ठरवा, आणि समितीच्या सांगण्यावरून ते बदलू नका. चित्र नाकारले गेले, तर कारण लेखी मागा; निदान ते लिहिण्यासाठी तरी समितीला चित्र नीट पाहावे लागेल.